बिनदेठाचे गुलाब

रालित्सा चुकून वजनकाट्यावर चढली, ती गाडीसकट.

मे महिन्यातली सकाळ होती. भुरभुर पाऊस पडत होता आणि तिच्या जुन्या पांढऱ्या गाडीचा वायपर मनात आलं तर चालायचा, नाहीतर रुसून बसायचा. गावाकडे जाणारा रस्ता गुलाबतेलाच्या भट्टीवरून जातो. तोडणीच्या दिवसांत तिथे ट्रॅक्टर आणि गाढवांच्या गाड्या एकामागे एक लागलेल्या असतात, हे तिला ठाऊक होतं. पण भिजलेल्या काचेतून तिला एवढंच दिसलं की पुढची गाडी हलली, म्हणून तीही हलली. पुन्हा हलली, पुन्हा हलली. चौथ्यांदा चाकांखाली लोखंड खणखणलं आणि काटेवाला मित्यो खिडकीतून ओरडला की एक हजार एकशेवीस किलो, आणि आत काय आहे ते सांगा.

"आत मी आहे," रालित्सा म्हणाली.

मागे हशा पिकला. मागच्या ट्रॅक्टरवर एक उंच, सावळा माणूस बसला होता. पावसासाठी रिकामं पोतं त्याने डोक्यावर तिरकं घेतलं होतं आणि ते त्याला टोपीसारखं शोभत होतं. तो शांतपणे म्हणाला, "मित्यो, हे वजन चालकासकट की चालक सोडून?"

रालित्साने काच पूर्ण खाली केली. "बाईमाणसाचं वजन विचारणाऱ्याला आम्ही फुलं विकत नाही."

"फुलं?" त्याने मागच्या ट्रॉलीतल्या पोत्यांवर हात ठेवला, मग रांगेतल्या सगळ्या ट्रॉल्यांवरून नजर फिरवली. प्रत्येकीत गुलाबच गुलाब. "आज... इथे... फुलं विकायला निघालात?"

तिला हसू आलं, पण ते तिने त्याला दिसू दिलं नाही. तेवढ्यात मित्योने फळ्यावरचा कालचा भाव पुसला आणि नवा लिहिला. किलोला दीड लेवा. काल दोन होते. गेल्या वर्षी चार होते. रांगेतलं हसणं एकदम थांबलं. कुणी भट्टीवाल्याच्या नावाने पुटपुटलं, कुणी निमूट पोती खांद्यावर घेतली, कारण तोडलेला गुलाब दुपारपर्यंतही थांबत नाही.

डोक्यावर पोतं घेतलेला तो माणूस मात्र ट्रॅक्टर मागे वळवायला लागला. मित्यो त्याला म्हणाला की वेलिन, वेडेपणा करू नकोस, दुपारी सगळं तपकिरी होईल.

"होऊ दे. माझ्याच मातीवर होईल."

त्या रांगेतून ट्रॅक्टर मागे काढणं सोपं नव्हतं. प्रत्येकाला आपली गाडी जरा इकडे, जरा तिकडे करावी लागली. ती सगळ्यांनी केली. रालित्साच्या खिडकीशी आल्यावर वेलिन क्षणभर थांबला. त्याने गाडीच्या दारावरचं रंगवलेलं नाव वाचलं. 'रालित्सा – लग्नाची फुलं.'

"हे कुणी लिहिलं?"

"मीच."

"वाटलंच. पहिलं अक्षर जरा तोऱ्यात उभं आहे."

असं म्हणून तो गेला. ओल्या गुलाबांचा वास मात्र गाडीत राहिला, आणि रालित्सा पुढच्या वळणावर चुकीच्या गियरमध्ये चढली.

ते नाव लिहून तिला तीनच महिने झाले होते. त्याआधी नऊ वर्षं ती प्लोवदिव्ह शहरातल्या फुलांच्या एका मोठ्या दुकानात होती. दुकानाची मालकीण गिऱ्हाइकांसमोर म्हणायची की या मुलीला हात आहेत, डोकं नाही. एके दिवशी रालित्साने ॲप्रन खुंटीला अडकवला आणि निघाली. साठवलेल्या पैशांत एक गाडी आली आणि रंगाचा एक डबा. आता हे तिच्या स्वतःच्या नावावरचं पहिलं लग्न. ते साधलं तर या खोऱ्यातल्या आया तिला बोलावणार होत्या. फसलं, तर पुन्हा त्याच खुंटीवरचा ॲप्रन. मालकीण तसं म्हणालीही होती, की तो आम्ही काढून टाकत नाही.

लग्न गाल्या नावाच्या मास्तरीणबाईचं होतं. या खोऱ्यात लग्नातल्या फुलांचा खर्च कुमाचा. चर्चमध्ये नवरा-नवरीच्या डोक्यावर मुकुट धरणारा, पुढे जन्मभर त्यांची भांडणं मिटवणारा मानाचा माणूस म्हणजे कुम. गाल्याचा कुम होता कोल्योकाका. घरं बांधायचं काम करायचा, त्यामुळे प्रत्येक गोष्ट त्याला मीटरमध्ये लागे. त्याने रालित्साला कॉफी दिली, टेबलावर पाकीट ठेवलं आणि सांगितलं की आत नऊशे लेवा आहेत, नऊशे एक होणार नाहीत. माणसं एकशेचाळीस, टेबलं वीस. सोफिया शहरात त्याच्या पुतण्याच्या लग्नात परदेशी गुलाब होते, एकेकाचा देठ पाऊण मीटर. ते त्याने मोजलं होतं.

रालित्साने कागद काढला. नवरीचा गुच्छ, ऐंशी. पाहुण्यांच्या छातीवर टाचायच्या एकशेचाळीस छोट्या जुड्या, दोनशेदहा. चर्चमधली कार्नेशनची फुलं आणि हिरवा पाला, दोनशे. उरले चारशेदहा आणि वीस टेबलं. बाजारातला गुलाब दोन लेवांच्या खाली मिळत नव्हता. सगळे पैसे घातले तरी एका टेबलाला दहा फुलं, आणि तिच्या स्वतःच्या हातात काडीही नाही. दहा फुलांचं टेबल कसं दिसतं ते तिला माहीत होतं. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी असतं तसं.

कोल्योकाकाने मग फोन पुढे केला. प्लोवदिव्हच्या एका दुकानाने त्याच नऊशेत सगळा हॉल भरून द्यायचं कबूल केलं होतं, फोटोच पाठवला होता. पांढरे गुलाब छतापर्यंत. रालित्साने फोटो जवळ धरून पाहिला.

"ही फुलं मी ओळखते, काका," ती म्हणाली. "कापडाची आहेत. सहा वर्षं त्यांच्यावरची धूळ मीच झटकलीय."

गाल्या खळखळून हसली. कोल्योकाका हसला नाही. त्याने फोन खिशात घातला आणि म्हणाला की ठीक आहे, रविवारपर्यंत तुझं काय ते सांग. वीस टेबलं भरलेली दिसली पाहिजेत. नाहीतर मी कापडाची आणतो, माझ्या कुमपणाला लोक हसायला नकोत.

रालित्सा बाहेर आली, गाडीत बसली आणि चावी फिरवायची विसरली. तिच्या डोळ्यांसमोर ती मागे वळलेली ट्रॉली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती वेलिनच्या शेतावर पोचली. डोंगरावर अजून धुकं होतं. शेजारची दोन्ही शेतं उपटलेली होती, तिथे लव्हेंडरची इवलीशी रोपं लावली होती. मधे एकट्या वेलिनचा गुलाब. ओळींच्या खाली कालच्या फुलांचा तपकिरी थर पडला होता, आणि वर आजची फुलं अशी उमलली होती की जणू काल काही झालंच नाही.

तिला पाहून त्याने विचारलं की आज कुठे चढायचंय, बैलगाडीवर की पाण्याच्या टाकीवर. तिने सरळ कामाचं बोलायला सुरुवात केली. लग्नाच्या दिवशी तिला त्याचा गुलाब हवा होता. अर्धवट उमललेला, वीतभर देठासकट, तीन हजार फुलं.

वेलिन बराच वेळ हसला. हा गुलाब फुलदाणीतला नव्हे, तो म्हणाला. हा तेलाचा. फांदीवरून उतरला की दुपारी पाकळ्या सोडतो.

"माहीत आहे. म्हणून काल संध्याकाळीच पाद्रींना भेटून आलेय. रविवारची प्रार्थना संपल्या संपल्या साडेदहाला लग्न, लगेच जेवण. मला याचं आयुष्य नको, सकाळ हवी."

त्याचं हसणं थांबलं. तो तिच्याकडे बघत राहिला. तिनेही नजर हलवली नाही.

"किलोला काय देणार?"

"किलोला नाही. मोजून. फुलामागे दहा स्तोतिंकी. तीन हजार फुलांचे तीनशे लेवा."

भट्टीवर तेवढ्याच फुलांचे चौदा लेवाही आले नसते. वेलिनचा चेहरा बदलला. त्याला वाटलं ही कीव करतेय. त्याने तसं तोंडावर सांगितलं, की आमच्याकडे भीक घ्यायची पद्धत नाही.

"भीक?" रालित्साचा आवाज चढला. "शहरात सुकायला आलेलं कार्नेशन एका लेवाला जातं. त्याला वास तरी असतो का? मी नऊ वर्षं फुलं विकलीत. तुमचं फूल स्वस्त नाही, तुम्हाला ते मोजायची सवय नाही."

डोंगरावरून ऊन खाली उतरत होतं. वेलिनने जवळचं एक फूल दोन बोटांत धरलं, तोडलं नाही. त्याच्या बापाने आणि आज्याने आयुष्यभर हा गुलाब टनावारी तोलला होता. एक-दोन-तीन करून कुणी मोजला नव्हता.

"दहा स्तोतिंकी," तो हळूच म्हणाला. मग हात पुढे केला. "कबूल. पण एका अटीवर. मला अहो-जाहो करू नका. इथे फक्त भट्टीचा साहेब करतो, आणि तो करतो तेव्हा भाव उतरलेला असतो."

"मग मलाही करू नकोस," ती म्हणाली.

त्यानंतरच्या दहा दिवसांत ती चारदा शेतावर आली. कळ्या पाहायला, असं ती म्हणे. लग्नाच्या रविवारी किती उमलतील त्याचा अंदाज घ्यायचा होता, हे खरंच होतं. पण त्यासाठी चौथ्यांदा यायची गरज नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. तो आईने केलेली बानित्सा, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, कागदात गुंडाळून आणायचा. गरम चीजने तिची जीभ भाजली की त्याला मोठा आनंद व्हायचा. एकदा तिने विचारलं की बाकीच्यांसारखं तू लव्हेंडर का नाही लावलंस.

"लव्हेंडर यंत्र कापतं," तो म्हणाला. "गुलाबाला माणूस लागतो. माणसं इथे सकाळी येतात, गाणी म्हणतात, माझ्या आईची चौकशी करतात... यंत्र काय विचारणार?" मग थोडं थांबून, "हे शेत उपटायला गुरुवारी नांगरवाल्याशी बोलणार होतो. आता लग्नाचा रविवार होऊ दे, मग बघू."

तिने त्याला मालकिणीचं वाक्य सांगितलं. हात आहेत, डोकं नाही. ते तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या केसांत अडकलेली एक पाकळी काढायला त्याने हात उचलला, मग तो तसाच खाली घेतला.

"तिला भट्टीवर पाठव एकदा," तो म्हणाला. "मित्यो काट्यावर सांगेल कुणाला काय आहे ते."

कोल्योकाकाला तिने ठरल्याप्रमाणे लग्नाच्या आधीच्या रविवारी सांगितलं की वीस टेबलं आपल्या गुलाबांनी भरेन. आपल्या म्हणजे? त्याने विचारलं. खोऱ्यातल्या, ती म्हणाली. कोल्योकाकाच्या कपाळाला आठ्या पडल्या. पोत्यात भरतात ते? पण गाल्याने त्याच्या हातावर हात ठेवला आणि तो कुरकुरत गप्प झाला. जाताना मात्र बजावलं, की टेबलं रिकामी दिसली तर मी पाकीट उघडणार नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. रालित्सा चार वाजल्यापासून चर्चमध्ये कार्नेशन बांधत होती. सहाला ती शेतावर आली. पाण्याने भरलेल्या तीस बादल्या बांधावर ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्यात एकही फूल नव्हतं. बाजूला सावलीत पोती होती. भरलेली.

तिने एका पोत्याचं तोंड उघडलं. आत गुलाब होते, सुंदर, अर्धवट उमललेले, दवात भिजलेले. देठ मात्र नव्हते. प्रत्येक फूल गळ्याशी खुडलेलं.

तोडणाऱ्या आठ बायका माना खाली घालून उभ्या होत्या. पहाटे वेलिनने त्यांना कात्र्या दिल्या होत्या, देठ किती लांब ठेवायचा ते कापून दाखवलं होतं, तीनदा सांगितलं होतं. सुरुवातीची एक-दोन फुलं त्यांनी नीट कापलीही. मग वेलिन विहिरीवर बादल्या भरायला गेला. तिकडे ऊन वर यायला लागलं, कात्री बोटांत अडखळायला लागली, आणि चाळीस वर्षं जे हात रोज पहाटे गुलाबाचा गळा खुडत आले, ते आपल्या वाटेला लागले. सांगितलेलं कानांनी ऐकलं होतं, हातांनी नाही. पोती भरत आली तेव्हा त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी, फातमेकाकू, थबकली. तेव्हा फार उशीर झाला होता. आज उमललेलं सगळं शेत पोत्यात होतं. उद्याची कळी उद्याच उमलते.

वेलिनच्या तोंडावर रंग नव्हता. तो बायकांना एका शब्दानेही रागावला नव्हता. रालित्साला एवढंच म्हणाला की चूक माझी, मी इथून हलायला नको होतं. पैसे घेणार नाही. कुमाशी मी स्वतः बोलतो.

"काय बोलणार?" ती म्हणाली. "की कापडाची आण?"

तिला रडू येत होतं. चीडही येत होती, या बायकांची, त्याची, आणि सगळ्यात जास्त स्वतःची. बादल्यांमधलं पाणी उन्हात चमकत होतं. साडेआठला चर्चचं दार सजवायचं होतं, साडेदहाला लग्न होतं, आणि कुठेतरी एका खुंटीवर एक ॲप्रन होता.

मग तिची नजर फातमेकाकूच्या हातांवर गेली. म्हातारी लाजेने बोटं एकमेकांत गुंतवून उभी होती, पण ती बोटं स्वस्थ नव्हती. रिकामी असूनही चालत होती. इतकी वेगवान बोटं रालित्साने नऊ वर्षांत दुकानात पाहिली नव्हती.

"काकू," तिने विचारलं, "गुलाब येण्याआधी, लहानपणी, हे हात काय करायचे?"

फातमेकाकूने दचकून वर पाहिलं. "तंबाखू, पोरी. डोंगरापलीकडे. पानं ओवायचो आम्ही. हातभर लांब सुई असते... पानाच्या शिरेतून, एकावर एक. दहा वर्षांची होते तेव्हा रोज साठ दोऱ्या काढायचे."

"सुया आहेत अजून?"

"आहेत ना. टाकवतात का?"

बाकीच्या सात जणींनी माना वर केल्या. त्यांच्यातल्या पाच जणीही तंबाखूच्याच गावच्या निघाल्या. वेलिन काही न विचारता ट्रॅक्टरकडे धावला. वीस मिनिटांत तो सुया आणि दोऱ्याची रिळं घेऊन आला. त्या वीस मिनिटांत रालित्साने कागदाच्या मागच्या बाजूला नवा हिशोब मांडला. शंभर फुलांची एक माळ, म्हणजे कोल्योकाकाच्या भाषेत पाच मीटर. तीस माळा. चर्चच्या दाराला दोन, टेबलांना वीस, हॉलच्या तुळयांना आठ. बाजारातले चारशे लेवांचे गुलाब आणले असते तर तुळयांकडे बघायचीही सोय नव्हती.

बायका बांधावर बसल्या. फातमेकाकूने पहिली सुई उचलली आणि कुणी काही सांगायच्या आत शिकवायला लागली. पाकळ्यांतून नाही, खालच्या हिरव्या गाठीतून ओवायचं, म्हणजे फूल लवकर सांडत नाही. हळूहळू त्यांच्या माना सरळ झाल्या. कुणीतरी गाणं सुरू केलं. रालित्सा त्यांच्यात बसली, पण तिची माळ सगळ्यात मागे पडत होती. फातमेकाकूने तिच्या हातातली सुई काढून घेतली.

"तू सांग, आम्ही ओवतो," ती म्हणाली. "डोकं तुझं, हात आमचे."

वेलिन समोर पोतं घेऊन उभा होता. त्याने हे ऐकलं आणि रालित्साकडे पाहिलं. ती लाल झाली... अगदी कानांपर्यंत. त्याने पोतं तिच्यासमोर रिकामं केलं.

साडेदहाला गाल्या चर्चच्या दाराशी आली, तेव्हा दोन्ही बाजूंनी गुलाब उतरले होते, दवासकट. ती थांबली, डोळे मिटले आणि वास घेतला. मागून येणारी सगळी वरात तिच्यामागे थांबली. आयुष्यभर या खोऱ्यातच राहिलेली माणसं, तोडणीत पाठी मोडून घेतलेली माणसं, पण या गुलाबाखालून मान वर करून त्यांच्यातलं कुणी कधी गेलं नव्हतं. भट्टीच्या रांगेतले चारजण पाहुण्यांत होते. त्यांनी दारातच टोप्या काढल्या.

हॉलमध्ये टेबलांवरून गुलाब वाहत होता आणि तुळयांवरून खाली येत होता. कोल्योकाका कमरेवर हात ठेवून मधोमध उभा राहिला. त्याने छताकडे पाहिलं, टेबलांकडे पाहिलं, माळ बोटांनी उचलून पाहिली.

"देठ कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"शेतात ठेवले, काका. त्यांना इथे काही काम नव्हतं."

कोल्योकाकाने कोटाच्या आतून पाकीट काढलं, तिच्या हातात ठेवलं आणि तिच्या मुठीवर आपली मूठ दाबली. तासाभराने तो राकिया दारूचा पेला घेऊन टेबलाटेबलावर सांगत होता की माझं पहिल्यापासून म्हणणं होतं, परदेशी गुलाब काय करायचाय. गाल्या ते ऐकत होती आणि हसू दाबत होती.

गाल्याच्या आईने आठही बायकांना शेतावरून बोलावून घेतलं होतं. फातमेकाकू ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधून तिसऱ्या टेबलाशी बसली होती आणि जो येईल त्याला सांगत होती की ही वरची माळ माझी, ती पलीकडची आमच्या झेहराची, जरा तिरपी आहे बघ. रालित्साने पाकिटातले स्वतःच्या मजुरीचे एकशेदहा लेवा बायकांच्या हातांवर ठेवले. झेहरा नको म्हणत होती. फातमेकाकूने तिला कोपराने ढोसलं आणि घेतले.

दुपारी नाचाची साखळी सुरू झाली तसे गुलाब आपल्या स्वभावावर गेले. तुळयांवरून एकेक पाकळी सुटायला लागली. कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या पेल्यात, नवरीच्या झग्यावर. कुणालाही त्यात उणं वाटलं नाही. दोन आयांनी रालित्साला गाठून विचारलं की जूनमधल्या कुठल्या रविवारी मोकळी आहेस. तिसरीने तर सप्टेंबरचं विचारलं. तिने आपला फोन नंबर कागदाच्या कपट्यांवर लिहून दिला.

वेलिन हॉलच्या बाहेर, अक्रोडाखाली उभा होता. धुतलेला पांढरा सदरा घालून आला होता, पण आत आला नव्हता. बोलावणं फुलांना होतं, मला नव्हतं, असं त्याने गाल्याच्या भावाला सांगितलं होतं. रालित्सा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि पाकिटातून तीनशे लेवा काढले.

"सौदा देठांचा होता," तो म्हणाला. "मी देठ दिले नाहीत."

"सौदा फुलांचा होता. तीन हजार. फातमेकाकूंनी ओवताना मोजलीत, तीस माळा, एक फूल कमी नाही." तिने नोटा पुढे केल्या. "घे, वेलिन. मी आज फुकट काही घेणार नाही आणि तूही फुकट काही द्यायचं नाहीस."

त्याने नोटांकडे पाहिलं. आत वाद्यं वाजत होती. मग त्याने त्या घेतल्या, एकेक मोजल्या, अगदी सावकाश, आणि घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवल्या. मान ताठ झाली होती त्याची.

"नांगरवाल्याला नाही म्हणून सांगितलं मघाशी," तो म्हणाला. "फोनवर."

"का?"

"दारातून आत बघितलं ना... सगळे वर बघत होते. माझ्या बापाने हे बघायला हवं होतं." तो थांबला. पायाने अक्रोडाची एक साल इकडून तिकडे केली. "जूनमध्ये दोन लग्नं मिळाली म्हणतात तुला."

"मिळाली. गुलाब लागेल. शंभराच्या माळा, तोच भाव."

"लागला तर देईन. पण फार दिवस नाही. पंधरा-वीस दिवसांत तोडणी संपेल. मग शेतात नुसती पानं आणि काटे." त्याने प्रथमच तिच्याकडे पाहायचं टाळलं. "मग तू... म्हणजे... फुलं संपल्यावर तू कशाला येशील इथे?"

वाऱ्याने हॉलच्या दारातून पाकळ्यांचा एक झोत बाहेर आला आणि दोघांच्या पायांशी पसरला. रालित्साने त्याचा हात धरला. काट्यांनी चिरलेला, खरखरीत हात होता. तिने तो तिथे, सगळ्या वऱ्हाडाला दिसेल असा धरला, आणि मान जराही न झुकवता म्हणाली,

"फुलं संपली की नक्की येईन, वेलिन. म्हणजे मी फुलांसाठी आले असं कुणाला म्हणता येणार नाही."